मॉडेल १९ की २०? नागपुरात जुनी पिकअप घेताना लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना

वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनपासून कळमन्याच्या बाजारापर्यंत जुन्या पिकअपचा सौदा एकाच प्रश्नावर सुरू होतो : मॉडेल कोणतं? एका आकड्याने किंमत लाखभर वर-खाली होते. पण त्या एका वर्षात गाडी खरोखर किती बदलली, हे फार कमी लोक विचारतात. बहुतेक वेळा लागोपाठच्या दोन वर्षांत स्टिकर, रंग आणि सीटचं कापड यापलीकडे काही बदललेलं नसतं. काही जोड्यांत मात्र इंजिनभोवतालची सगळी यंत्रणा बदललेली असते. म्हणून आपल्यासमोरची जोडी यातली कोणती, हे आधी ठरवायचं आणि भावाची बोलणी मगच सुरू करायची.

आधी वर्ष पक्कं करा

बाजारात 'मॉडेल २०, पासिंग २१' असं ऐकू येतं. म्हणजे गाडी २०२० मध्ये बनली, शोरूममध्ये पडून राहिली आणि २०२१ मध्ये तिची नोंदणी झाली. आरसीवर या दोन्ही तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात : उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख. तुलना नेहमी उत्पादनाच्या महिन्यावर करा. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी आणि पुढच्या जानेवारीत बनलेली गाडी कागदावर एका वर्षाने वेगळ्या असतात, वयाने एका महिन्याने. डिसेंबरवाली स्वस्त मिळत असेल तर ती संधी आहे. उलट, जानेवारीच्या नोंदणीवर 'नवीन वर्षाची गाडी' म्हणून जास्त पैसे मागत असतील तर आरसी उघडून दाखवा.

परदेशी संकेतस्थळं वाचून इथे गल्लत करू नका. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० सारख्या मोठ्या पिकअपचं पुढच्या 'मॉडेल इयर'चं वाहन आदल्या वर्षीच विकायला येतं. आपल्याकडे आरसी, विमा आणि बाजारभाव या तिन्हींत उत्पादनाचं खरं वर्ष धरलं जातं.

आरसीवर थांबू नका, चेसिस नंबर स्वतः बघा. बहुतेक पिकअपवर तो चेसिसच्या उजव्या रेलवर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने चिखल पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवून छाप घ्या. सतराही अक्षरं एका उंचीची, एका अंतरावर उमटली पाहिजेत. मध्येच एखादं अक्षर खोल, बाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच पट्ट्यात ताजा काळा रंग दिसला, तर तो सौदा तिथेच सोडा. सतरापैकी दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं असतं : जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५. आय, ओ, क्यू ही अक्षरं आकड्यांसारखी दिसतात म्हणून वापरत नाहीत. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे महिना आरसीवरूनच घ्या. महिंद्राचा नंबर एमए-१ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने.

मग गाडीवरचे इतर साक्षीदार तपासा. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते, काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एक काच नवी असणं चालतं. समोरची काच, दोन्ही दारांच्या काचा आणि बेल्ट सगळंच आरसीपेक्षा नवं असेल, तर गाडी उलटलेली असण्याची शक्यता मोठी.

कोणत्या जोडीत खरा फरक आहे

२०१८ आणि २०१९ ही जोडी साधी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच आली. त्याआधीच्या गाडीला ती मालकाने बसवून घ्यायची आहे. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये आणि वर जीएसटी. रक्कम किरकोळ आहे, पण प्लेट नसेल तर आरटीओतलं पुढचं काम अडतं. विकणाऱ्याकडून ती आधी बसवून घ्या.

२०१९ आणि २०२० या जोडीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-४ च्या जागी बीएस-६ (भारत स्टेज ६, म्हणजे गाडीच्या धुरावर जास्त कडक मर्यादा घालणारं मानक) लागू झालं. त्यामुळे २०२० साली बनलेली गाडी बीएस-४ ही असू शकते आणि बीएस-६ ही. विकणारा 'वीसची गाडी आहे, भाऊ' म्हणाला तरी त्यातून काहीच कळत नाही. आरसीवर उत्सर्जन मानकाचा रकाना असतो, तो वाचा. समोरच्या काचेवरचं स्टिकर डिझेलसाठी नारिंगी असतं आणि बीएस-६ असेल तर त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते.

बोलेरो पिकअपचं उदाहरण घ्या. २५२३ सीसीचं एम-टू-डीआय इंजिन बीएस-४ मध्ये होतं आणि बीएस-६ मध्येही आहे. नाव तेच, सीसी तेच, म्हणून अनेकांना वाटतं की गाडी तीच आहे. पण बीएस-६ मध्ये धूर साफ करणारी यंत्रणा आणि तिच्यावर नजर ठेवणारे सेन्सर वाढले. डिझेलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. बीएस-४ गाडी गावातला अनुभवी मिस्त्री बऱ्याच अंशी कानाने दुरुस्त करतो. बीएस-६ ला स्कॅनर लागतो. तुमची गाडी काटोल-नरखेडच्या आतल्या रस्त्यांवर चालणार असेल आणि जवळ स्कॅनरवाला नसेल, तर चांगली ठेवलेली २०१९ ची बीएस-४ गाडी २०२० च्या दुर्लक्षित बीएस-६ पेक्षा बिनदिक्कत घ्यावी. लांबच्या मार्गावर रोज शंभर-दोनशे किलोमीटर चालवायची असेल, तर बीएस-६ ला पुढे विकतानाही मागणी राहील.

इसुझू व्ही-क्रॉससारख्या मोठ्या पिकअपमध्ये हाच बदल आणखी ठळक आहे. बीएस-४ काळातलं २.५ लिटरचं इंजिन गेलं आणि मे २०२१ मध्ये गाडी फक्त १.९ लिटरवर परत आली. दोन्हींचे सुटे भाग एकच समजून घेतले तर फसगत होईल.

२०२२ आणि २०२३ ही पुढची मोठी जोडी, आणि इथे एकाच वर्षात दोन प्रकारच्या गाड्या सापडतात. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला : प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजला जाऊ लागला आणि गाडीतली निदान यंत्रणा कडक झाली. त्याच सुमारास गाड्याही बदलल्या. टाटाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन वाहणारी योद्धा २.० आणली. महिंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये मॅक्स पिकअप सिटी आणि एप्रिल २०२३ मध्ये एचडीसह पूर्ण मॅक्स मालिका आणली, जिच्यात १.३ पासून २ टनांपर्यंतचे पर्याय आहेत. म्हणून '२२ ची योद्धा' किंवा '२३ ची बोलेरो' एवढ्यावर भाव करू नका. आरसीवरचं मॉडेलचं पूर्ण नाव आणि वजन वाचूनच बोला.

२०२४ आणि २०२५ मध्ये यंत्रापेक्षा कराने फरक पाडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. २०२४ चा मालक त्याचं जुनं बिल दाखवून 'एवढ्याला घेतली होती' म्हणेल. ते बिल बाजूला ठेवा आणि आजच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीवरून खाली मोजा. आणखी एक समज दूर करून घ्या : १ ऑक्टोबर २०२५ पासून केबिनला एसी सक्तीचा झाला तो साडेतीन टनांवरच्या ट्रकना. त्याखालची पिकअप त्यात येत नाही, त्यामुळे '२५ च्या शेवटची आहे म्हणजे एसी असणारच' असं धरू नका.

वजन : आरसीतले दोन आकडे आणि एक वजनकाटा

आरसीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे कायदेशीर भार. पण त्यातून माणसं आणि मालकाने चढवलेली जाळी वजा करावी लागते. समजा भार १३०० किलो आहे. ड्रायव्हर-हेल्परचे १४० किलो आणि लोखंडी जाळीचे १०० किलो गेले की उरले १०६०. वीस किलो संत्री आणि दोन किलोचा क्रेट धरला तर ४८ क्रेट बसतात. याच हिशोबाने १७०० किलोच्या गाडीत ६६ बसतात. लागोपाठच्या वर्षांत भार वाढला असेल तर प्रत्येक फेरीला १८ क्रेटचा फरक पडतो. त्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

मात्र भार वाढला की कागदही वाढू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर गेली की लागतं. जुन्या वर्षाची गाडी रेषेच्या आत आणि नवी रेषेबाहेर, असं होऊ शकतं. लायसन्सची चिंता मात्र कमी झाली आहे : ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. जास्त भार भरला तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

दोन्ही गाड्या रिकाम्या करून एकाच वजनकाट्यावर चढवा. खर्च किरकोळ, माहिती मोलाची. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. आरसीतल्या रिकाम्या वजनापेक्षा शे-दीडशे किलो जास्त आले तर जाळी, जादा पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) किंवा जाड पत्रा घातलेला हौदा कुठे आहे ते शोधा. जादा पाटा दिसला म्हणजे ती गाडी क्षमतेबाहेर चालली आहे. पाट्यांच्या यू-बोल्टजवळ बॅटरी मारा : मूळ पाट्यांवर सारखाच गंज असतो, नंतर घातलेला पाटा रंगाने वेगळा दिसतो आणि यू-बोल्टचे आटे जास्त बाहेर किंवा अगदीच कमी उरलेले असतात. तिथून हात पुढे नेऊन पाट्याच्या हँगरभोवतीची चेसिस चाचपा. वेल्डिंगचा जाड थर, वर अंडरकोटिंग फासलेलं, हे तडा झाकल्याचं लक्षण. अशी २०२२ ची गाडी सरळ चेसिसच्या २०२१ च्या गाडीपेक्षा कमी दामाची आहे, मॉडेल काहीही असो.

इंजिन थंड असताना जा

विकणाऱ्याला सांगून ठेवा की सकाळी आम्ही आल्याशिवाय गाडी सुरू करू नका. बोनेट हाताला गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठली पाहिजे. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटाभरात जातो. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल जळतंय, आणि रेस दिल्यावर काळा धूर आला तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा मार्ग बघा. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण जोरात उडत असेल आणि वाफेचे लोट येत असतील, तर पिस्टन रिंगा गेल्या आहेत.

बीएस-६ गाडीत इथून पुढे वेगळी तपासणी सुरू होते. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती भरली की सुमारे ६०० अंशांना तापून काजळी जाळते, यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. इतवारी, गांधीबाग, कॉटन मार्केट अशा फेऱ्यांत ही संधी मिळतच नाही. जाळणं अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढा : ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, बोटांत पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी शहरातच घासली गेली आहे. आधी ऑइल बदलून घ्यायचं आणि रीजनरेशन पूर्ण होतं का ते बघायचं. हीच गाडी समृद्धीवर शिवमडक्याहून नियमित पश्चिमेला जाणारी असती, तर किलोमीटर दुप्पट असूनही तिची गाळणी जास्त चांगली निघाली असती. बीएस-६ मध्ये कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी हे गणित आपोआप लागू होत नाही.

सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. धड गाळणी असेल तर आत राखाडी, जवळपास कोरडं असतं. बोट कोळशासारखं काळं झालं तर गाळणी फुटली आहे किंवा आतून पोकळ केली आहे. डब्यावर ताजं वेल्डिंग आणि प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या काढलेल्या दिसल्या तर शंका उरत नाही. 'मायलेज वाढवायला काढलं' हे उत्तर ऐकून घेऊ नका : अशी गाडी नियमबाह्य आहे आणि मूळ भाग परत बसवण्याचा खर्च तुमच्या माथी येतो. अधिकृत सेंटरकडून डीपीएफचं कोटेशन घेऊन तेवढी रक्कम भावातून वजा करा.

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून घ्या. तीन गोष्टी लिहून काढा : काजळी किती टक्के, शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) नोंदलेले किलोमीटर मीटरशी जुळतात का. फॉल्ट कोड नुकतेच पुसले असतील तर वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा लावा.

डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण असेल तर त्या गाडीला डीईएफ लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. झाकणाभोवती पांढरे खडे साचले असतील तर हलक्या दर्जाचं द्रावण वापरलेलं असू शकतं, नोझल तपासून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात हे द्रावण लवकर खराब होतं. तीस अंशांना ते वर्षभर टिकत असेल तर पस्तीस अंशांना निम्मंच, त्यावर आणखी कमी. टिनाच्या शेडमध्ये ड्रम भरून ठेवू नका.

रस्त्यावर

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच मार्गावर, सारख्याच भाराने चालवा. रिकामी पिकअप फार काही सांगत नाही, पाचशे किलो तरी टाका. शहर सपाट आहे, म्हणून कामठी रोडच्या डबल डेकर पुलाचा चढ वापरा : पहिल्यात चढताना इंजिन ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली. आउटर रिंग रोडवर साठ-सत्तरच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडा. मागून घरघर आली तर क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) किंवा हब बेअरिंग. मे महिन्यात बघत असाल तर दुपारी दोन वाजता वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर रेडिएटर आतून बुजला आहे किंवा पंखा नीट फिरत नाही.

भाव कसा लावायचा

विम्याची घसाऱ्याची पट्टी हा चांगला पाया आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. म्हणजे दोन ते पाच वर्षांच्या गाड्यांत एका वर्षाचा फरक नव्या किमतीच्या १० टक्के. आजची शोरूम किंमत दहा लाख असेल तर एक लाख. जोडीत खरा बदल नसेल तर या लाखातून खाली घासाघीस करा. भार वाढला असेल किंवा तुमच्या वापराला योग्य बदल असेल तर लाख पूर्ण द्या. मग टायरचा संच, बॅटरी, क्लच, डीपीएफ यांचे खर्च ज्या गाडीला लागतील तिच्यातून वजा करा. बरेचदा इथे स्वस्त गाडी महाग ठरते.

फिटनेसची मुदतही पैशात मोजा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांसाठी मिळतो, त्यानंतर दरवर्षी काढावा लागतो. जोडीतली एक गाडी आठ ओलांडणार असेल तर तिच्या बाजूला दरवर्षीचा खर्च आणि बुडालेले दिवस लिहा.

नागपूरच्याच एमएच-३१, ४० आणि ४९ या पासिंगांत गाडी म्हणून फरक नाही. छिंदवाड्याकडून किंवा रायपूरकडून आलेली मध्य प्रदेश-छत्तीसगड पासिंगची गाडी मात्र स्वस्त दिसते तेवढी नसते : एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, आणि बारा महिन्यांच्या आत हे सगळं करणं बंधनकारक. हा सगळा खर्च धरूनच इथल्या गाडीशी तिची तुलना करा.

पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर कर, फिटनेस, पीयूसी, ई-चलन आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या त्याच दिवशी घ्या, विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, आणि सौद्यातली थोडी रक्कम आरसी तुमच्या नावावर होऊन येईपर्यंत राखून ठेवायचं लेखी ठरवा.